स्मृतीची अमानत : प्रस्तावना

संगणकाची जोडणी संपली असे ज्या क्षणी बहुतेकांना वाटते, त्या क्षणापासून ह्या पुस्तिकेचा विषय सुरू होतो. मदरबोर्ड पेटीत बसलेला असतो, प्रोसेसरवर पंखा चढलेला असतो, वीजपुरवठ्याच्या तारा आपापल्या जागी गेलेल्या असतात, पडद्यावर पहिली अक्षरे उमटलेली असतात आणि जोडणाऱ्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर समाधानाने खाली ठेवलेला असतो. अशा वेळी यंत्राच्या पोटातली स्मृती, म्हणजे जिला आपण बाजारात नुसते ‘रॅम’ म्हणतो ती, वेष्टनावर छापलेल्या वेगाने चालते आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी पुन्हा बायोसच्या पानात शिरणारे लोक थोडे, आणि शिरल्यावर तेथील अंकांची रांग शांतपणे वाचणारे त्याहूनही थोडे. हे अंक म्हणजे काय, ते कोणी ठरविले, त्यांतले कोणते आपण बदलावे, कोणते बदलू नयेत, आणि बदल केल्यावर तो योग्य झाला हे कशावरून ओळखावे, एवढाच ह्या पुस्तिकेचा व्याप आहे. विषय आकाराने लहान आहे. तथापि गेली वीस वर्षे साताऱ्यात शेजाऱ्यांची, शाळांची आणि एका सार्वजनिक वाचनालयाची यंत्रे जोडून देताना माझी अशी खात्री झाली आहे की, जोडणीतल्या इतर कोणत्याही चुकीपेक्षा ह्या एका पानावरची चूक अधिक काळ झाकलेली राहते, आणि झाकलेली असताना अधिक नुकसान करते.

प्रथम बाजारातली गोष्ट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दप्तरी ज्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, एखादा विद्यार्थी महिनोन्‌महिने साठविलेले पैसे खिशात घेऊन उभा राहतो, दुकानदाराने पुढे केलेल्या पट्ट्यांपैकी ‘बत्तीसशे’ची घ्यावी की ‘छत्तीसशे’ची ह्याचा पुष्कळ विचार करतो, आणि थोडे अधिक पैसे मोजून दुसरी घेतो. घरी येऊन तो ती बसवितो, यंत्र सुरू होते, खेळ चालतात, अभ्यास चालतो, आणि तीन वर्षांनी कोणी जाणता मनुष्य ते यंत्र उघडतो तेव्हा असे आढळते की, छत्तीसशेची म्हणून आणलेली ती पट्टी पहिल्या दिवसापासून एकवीसशे तेहतिसाने चालत आलेली आहे. ह्यात कोणी कोणाची फसवणूक केलेली नसते. प्रत्येक पट्टीवर ‘एसपीडी’ नावाची एक चिमुकली चिप असते आणि तीत त्या पट्टीचा दाखला लिहिलेला असतो. यंत्र सुरू होताच मदरबोर्ड तो वाचतो. ह्या दाखल्यात आरंभीच्या नोंदी जेडेक ह्या मानक ठरविणाऱ्या संस्थेच्या दरांप्रमाणे असतात, म्हणजे डीडीआर-४ पट्टीच्या बाबतीत १.२ व्होल्ट दाब आणि सर्वांना झेपेल असा सौम्य वेग. वेष्टनावर मोठ्या टाइपात छापलेला वेग हा निराळ्या कलमात असतो. इंटेलने २००७ मध्ये सुरू केलेली एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेली एक्स्पो ही ह्या निराळ्या कलमांचीच नावे आहेत, आणि मालकाने बायोसमध्ये जाऊन तशी आज्ञा दिल्यावाचून मदरबोर्ड त्या कलमाची अंमलबजावणी करीत नाही. कारण तो वेग पुष्कळदा प्रोसेसर बनविणाऱ्याने दिलेल्या हमीच्या पलीकडचा असतो, आणि हमीबाहेरचे काम मालकाच्या कबुलीशिवाय सुरू करू नये हा शिरस्ता मला तरी योग्य वाटतो.

येथेच आणखी एका गोंधळाचा निकाल लावलेला बरा. छत्तीसशेची आज्ञा देऊनही एखाद्या तपासणीच्या खिडकीत अठराशे हा आकडा दिसतो आणि नवखा मनुष्य पुन्हा दुकानाकडे धाव घेतो. डीडीआर ह्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थच असा की, क्लॉकचा ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी एका ठोक्यात दोन वेळा माहितीची ने-आण होते. म्हणून सेकंदाला १८० कोटी ठोके पडले तर ३६० कोटी वेळा देवघेव होते. खिडकी ठोके सांगते, वेष्टन देवघेव सांगते, आणि दोन्ही खरे असतात.

आता स्मृतीच्या मूळ स्वरूपाकडे वळले पाहिजे. कारण ते न समजता केवळ अंक पाठ करणारा मनुष्य पहिल्याच अडचणीत हतबल होतो. आपल्या देशात पहिल्यापासून बांधलेल्या आरंभीच्या संगणकांपैकी एक, टिफ्रॅक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झाला; त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, प्रत्येक कडे चुंबकत्वाच्या एका किंवा उलट दिशेने एक बिट धरून ठेवी, आणि अशा ४० बिटांचे २,०४८ शब्द त्यात मावत. आज विद्यार्थ्याच्या तळहातावर मावणाऱ्या सोळा जीबीच्या एका पट्टीत त्याच्या सुमारे पावणेसतरा लाख पट ऐवज राहतो. परंतु ह्या तुलनेत आपण एक गोष्ट विसरतो. फेराइटचे कडे वीज गेली तरी आपले चुंबकत्व सोडीत नसे. ते जे धरी ते धरून ठेवी. आजची स्मृती तशी नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड ह्यांना १९६६ मध्ये जी कल्पना सुचली आणि जिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले, तिच्यात एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर एवढेच साहित्य लागते: कॅपॅसिटरमध्ये विद्युद्भार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ह्या नावाने, विद्युद्भारावरच बिट धरणारी, १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि कड्यांचे युग संपत आले. ह्या कल्पनेचे सारे सौंदर्य तिच्या काटकसरीत आहे, आणि तिचे सारे दौर्बल्यही तेथेच आहे. कारण इतका लहान कॅपॅसिटर आपला भार धरून ठेवू शकत नाही. तो गळतो. मातीच्या घड्यातून पाणी झिरपावे तसा तो अखंड झिरपत असतो, आणि रिता होण्यापूर्वी कोणीतरी येऊन तो पुन्हा भरला नाही तर त्यातली नोंद कायमची नाहीशी होते.

डीडीआर-४ मध्ये साधारण तापमानाला ही मुदत ६४ मिलिसेकंदांची धरलेली आहे. तेवढ्या अवधीत ८,१९२ वेळा, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा, मेमरी कंट्रोलर स्मृतीला पुनर्भरणाची आज्ञा देतो. प्रत्येक ओळ सेकंदाला पंधरा-सोळा वेळा उचलली जाते, वाचली जाते आणि होती तशी पुन्हा लिहिली जाते. आपण पडद्यावर एखादे वाक्य अर्धवट टाकून चहाला उठतो आणि परत येऊन ते जसेच्या तसे पाहतो, तेव्हा मध्यंतरीच्या दहा मिनिटांत त्यातले प्रत्येक अक्षर सुमारे नऊ हजार वेळा विस्मृतीच्या काठावरून परत आणलेले असते. ही वस्तुस्थिती मला प्रथम कळली त्या दिवशी मी माझ्या यंत्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि ह्या पुस्तिकेतला प्रत्येक सल्ला मुळात त्या दिवसाचा आहे. गळणाऱ्या भांड्यात ठेवलेली अमानत वेळेवर सांभाळणे, हे स्मृतीच्या साऱ्या सेटिंगांचे पहिले प्रयोजन. वेग हा त्यानंतरचा.

ज्यांना ‘टायमिंग’ म्हणतात ते १६-१८-१८-३८ अशासारखे अंक समजण्यासाठी पुण्याच्या पेशवे दप्तराची कल्पना डोळ्यांपुढे आणावी. तेथे कागद रुमालांत बांधून फडताळांवर ठेवलेले असतात. कारकुनाकडे एखाद्या पत्राची मागणी गेली, तर त्याला आधी योग्य तो रुमाल शोधून मेजावर आणून सोडावा लागतो. मग त्यातले नेमके पत्र काढून द्यावे लागते. आणि दुसऱ्या रुमालातले पत्र हवे असेल तर पहिला रुमाल नीट बांधून जागी ठेवल्याशिवाय मेज मोकळे होत नाही. स्मृतीतही ओळी आणि स्तंभ असतात. ओळ उघडण्यास लागणारे ठोके म्हणजे टीआरसीडी, हा मालिकेतला दुसरा अंक. उघड्या ओळीतून हवा तो स्तंभ हाती येण्यास लागणारे ठोके म्हणजे सीएल, हा पहिला. ओळ मिटून पुढच्या ओळीसाठी तयार होण्याचे ठोके म्हणजे टीआरपी, हा तिसरा. चौथा, टीआरएएस, हा ओळ निदान किती काळ उघडी राहिलीच पाहिजे ते सांगतो, आणि त्यामागचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: कॅपॅसिटरमधला भार वाचणे म्हणजे तो सांडणेच होय, म्हणून वाचून झालेली ओळ पुन्हा भरून पूर्ववत होईपर्यंत तिला मिटता येत नाही. घाईने बांधलेल्या रुमालातून जसा एखादा कागद गळून पडावा, तसे हा अंक अविचाराने कमी केल्याने होते.

बत्तीसशेच्या पट्टीत एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा पडतो. ओळ उघडी असेल तर १६ ठोक्यांत, म्हणजे १० नॅनोसेकंदांत, मागितलेले हाती येऊ लागते. आणि भलतीच ओळ उघडी असेल तर १८, १८ आणि १६ मिळून ५२ ठोके, म्हणजे साडेबत्तीस नॅनोसेकंद लागतात. एकाच पट्टीत, एकाच सेटिंगवर, केवळ कोणता रुमाल मेजावर उघडा आहे ह्यावरून विलंब तिपटीने वाढतो, हे ज्याला कळले त्याला पुढचे बरेचसे आपोआप उमगते.

ह्याच हिशेबातून एक अशी गोष्ट निघते की, जी प्रत्येक खरेदीदाराने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी जाणून घ्यावी. २००३ च्या आसपास डीडीआर-४०० च्या ज्या उत्तम पट्ट्या मिळत त्यांचा सीएल २ असे. ठोका ५ नॅनोसेकंदांचा, म्हणून विलंब १०. डीडीआर-४ च्या बत्तीसशेला सीएल १६; विलंब १०. डीडीआर-५ चे मानक जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातल्या सहा हजारांच्या चांगल्या पट्टीला सीएल ३०. विलंब पुन्हा १०. ह्या काळात एका पट्टीतून सेकंदाला वाहणारी माहिती ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर गेली, म्हणजे पंधरा पट झाली, आणि पहिला शब्द हाती येण्याची प्रतीक्षा मात्र जागच्या जागी राहिली. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. पण फडताळापासून मेजापर्यंतचे अंतर, कॅपॅसिटरच्या इवल्याशा भारातून एक की शून्य हे ओळखण्यास लागणारा वेळ, ह्याला निसर्गाची मर्यादा आहे. तेव्हा केवळ मोठा आकडा पाहून पट्टी घेऊ नये. सीएलला २,००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागावे. येईल ते नॅनोसेकंद. ह्या त्रैराशिकाने पाहिले तर सीएल २० ची छत्तीसशेची पट्टी ११.१ नॅनोसेकंद घेते, आणि सीएल १६ ची स्वस्त बत्तीसशेची पट्टी तिच्या आधी उत्तर देते. मोठमोठ्या फायली सलग वाहून नेणाऱ्याला रुंदी उपयोगी पडते, आणि इकडून तिकडून लहानलहान मागण्या करणाऱ्या कामाला विलंब जाचतो. आपले काम कोणत्या जातीचे आहे हे दुकानदाराला ठाऊक नसते, ते आपणच ठरवावयाचे असते.

हाताच्या कामाविषयी पुस्तिकेत चित्रांसह विवेचन आहे, म्हणून येथे थोडक्यात लिहितो. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोनच पट्ट्या बसवावयाच्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवाव्यात. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटांत शेजारशेजारी बसविल्यास दोन मार्गांऐवजी एकच मार्ग वापरला जातो आणि निम्मा रस्ता रिकामा राहतो. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ ह्या दोहोंनाही २८८ पिना आहेत, परंतु खाच निराळ्या जागी आहे, ती मुद्दाम. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर करू नये, खाच पाहावी. बरोबर बसली की दोन्ही टोकांना सारखा दाब दिल्यावर कडी आपोआप मिटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज दोनदा ऐकल्याशिवाय मी पेटीचे झाकण लावीत नाही.

त्यानंतरची पहिली सुरुवात ही नवख्याच्या धीराची कसोटी असते. डीडीआर-५ असलेले नवे यंत्र पहिल्या प्रथम चालू केले की पडदा काळाच राहतो. पंखे फिरतात, एखादा दिवा लागतो, आणि कित्येक मिनिटे काहीच होत नाही. ह्या अवधीत मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवरचा संकेत किती आधी किंवा किती उशिरा वाचला असता स्वच्छ वाचता येतो हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहत असतो. ह्याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत वीज तोडू नये. ज्या गावांत वीज केव्हाही जाते तेथे हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करावे. मी एका तरुणाला ओळखतो, त्याने पाच मिनिटांत तीन वेळा बटण दाबून यंत्र बंद केले, मदरबोर्ड मेला असे ठरविले, आणि तो परत करण्यासाठी पेटीतून काढूनही ठेवला होता. त्याच संध्याकाळी आम्ही ते पुन्हा बसविले, बटण दाबले, आणि त्याच्या आईने केलेले पोहे खाऊन होईपर्यंत पडद्याकडे पाहावयाचे नाही असे ठरविले. पोहे संपण्यापूर्वीच अक्षरे उमटली.

वर सांगितलेले निराळे कलम, म्हणजे प्रोफाइल, चालू करणे हे बायोसमधल्या एका ओळीचे काम आहे. एक्सएमपी किंवा एक्स्पो निवडावे, जतन करावे, बाहेर पडावे. इतके सोपे काम असूनही त्यामागे काय काय हलते ते जाणून असावे. डीडीआर-४ पट्टीचा दाब १.२ वरून बहुधा १.३५ व्होल्टवर जातो. त्याबरोबर प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरचा दाबही काही मदरबोर्ड आपल्या मताने वाढवितात, आणि तो धोका काल्पनिक नाही: २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यानंतर एएमडीने तो दाब १.३ व्होल्टच्या वर जाऊ नये असा निर्बंध बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून घातला. म्हणून प्रोफाइल चालू करण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे, आणि चालू केल्यावर हा एक अंक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. शिवाय स्मृतीचा ठोका आणि प्रोसेसरच्या अंतर्गत वाहतुकीचा ठोका ह्यांचा मेळ असावा लागतो. रायझन ३००० मालिकेत ३७३३ पर्यंत दोघे पावलाला पाऊल लावून चालतात आणि त्यापुढे कंट्रोलर अर्ध्या गतीवर उतरतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून ह्याच व्यवस्थेला गिअर एक आणि गिअर दोन अशी नावे आहेत. ह्या मर्यादेच्या किंचित पुढे जाणारा मनुष्य मोठा आकडा मिळवितो आणि विलंब वाढवून घेतो.

स्लॉट रिकामे दिसले की ते भरण्याची इच्छा होते, आणि तिला आवर घालणे कठीण जाते. रायझन ७००० साठी एएमडीने दिलेली हमी दोन पट्ट्यांना ५२०० ची आहे आणि चार पट्ट्यांना ३६०० ची. हा फरक पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु एकाच तारेवर दोन पट्ट्या टांगल्या की संकेताला दोन ठिकाणी थांबे होतात, प्रतिध्वनी उठतात, आणि स्वच्छ वाचण्याची खिडकी आखूड होते. बत्तीस जीबी हवे असतील तर सोळाच्या दोन घ्याव्यात, आठाच्या चार घेऊ नयेत. माझा हा उपदेश केवळ वाचनातून आलेला नाही.

वाचनालयाच्या यंत्रात मी आरंभी आठ जीबीच्या दोन पट्ट्या बसविल्या होत्या. वर्षभराने जुन्या दाखल-नोंदवह्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम निघाले, तेव्हा त्याच कंपनीच्या, त्याच क्रमांकाच्या आणखी दोन पट्ट्या आणून मी उरलेले स्लॉट भरले, बत्तीसशेचे प्रोफाइल चालूच होते ते तसेच ठेवले, आणि यंत्र निर्वेध सुरू झाले म्हणून संतुष्ट होऊन घरी गेलो. पावसाळ्याचे दोन महिने दोन तरुणांनी बसून अकराशेवर पृष्ठे उतरविली, त्यांचे गठ्ठे करून दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवले. दसऱ्याच्या सुमारास त्यातला एक गठ्ठा उघडेना. बेरीज जुळत नाही, असा संदेश येई. मी डिस्कला दोष दिला; डिस्क बदलली. तारेला दोष दिला, तार बदलली. शेवटी एका रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ सुरू करून समोर बसलो. पहिली फेरी निर्मळ गेली. दुसरीही अर्ध्याहून अधिक निर्मळ गेली, आणि पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावर एक तांबडी ओळ उमटली: अमुक पत्ता, जे ठेवले होते ते हे, जे परत मिळाले ते हे; दोन्ही संख्यांत एका बिटाचे अंतर. नव्या दोन पट्ट्या काढल्या, चारही फेऱ्या स्वच्छ. जुन्या दोन काढून नव्या बसविल्या, तरीही स्वच्छ. चारही बसवून वेग २६६६ वर आणला, पुन्हा स्वच्छ. म्हणजे पट्ट्या निर्दोष होत्या, मदरबोर्ड निर्दोष होता. दोष मी मागितलेल्या वेगाचा होता, आणि तो वेग मागून परीक्षा न घेता निघून जाण्याचा होता. मूळ नोंदवह्या कपाटात होत्या म्हणून तो गठ्ठा पुन्हा उतरविता आला. आणि बेरजेचा पहारा नसलेल्या ज्या फायली त्या दोन महिन्यांत त्या यंत्रातून गेल्या होत्या, त्या साऱ्या आम्ही हिवाळाभर मूळ पानांशी ताडून पाहिल्या.

एका बिटाने असे काय बिघडते, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर आपल्याच लिपीतून देतो. युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ग’ ह्या दोन अक्षरांच्या संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट उलटला की काडीची गाडी होते, काठाची गाठ होते. ह्या चुका वाचणाऱ्याच्या ध्यानात येतील. परंतु सभासदांच्या यादीतला कोरे जर गोरे झाला, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? दोन्ही आडनावे खरी, दोन्ही घरे गावात असू शकतात. देवनागरी २ आणि ३ ह्या अंकांतही एकाच बिटाचे अंतर आहे. वर्गणीच्या रकान्यात दोन हजारांचे तीन हजार झाले तर कागद कुरकुर करीत नाही. यंत्र बंद पडले, निळा पडदा आला, तर तो दोष ओरडून सांगितला जातो आणि आपण त्याच्या मागे लागतो. जी चूक शुद्ध मराठीत, शुद्ध अंकांत, सभ्य वेष घालून दप्तरात रुजू होते, तिच्यासाठी मी ही पुस्तिका लिहिली आहे.

अशा चुका केवळ आपल्या सेटिंगमुळेच होतात असे नाही. १९७८ च्या सुमारास इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वुड्स ह्यांनी असे दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी द्रव्याच्या सूक्ष्म अंशातून निघणारा अल्फा कण एखादा बिट उलटवू शकतो. डीडीआर-५ च्या चिपांत आतल्या आत एका बिटाची चूक दुरुस्त करण्याची योजना आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र चिपमधून प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेवर जे घडते त्यावर तिचा अंमल चालत नाही, आणि अति वेगाच्या चुका बहुधा ह्या वाटेवरच घडतात. ज्यांच्याकडे हिशेबाचे किंवा नोंदणीचे दप्तर आहे त्यांनी पूर्ण ईसीसी, म्हणजे ह्या वाटेवरच्या चुकाही पकडणारी दुरुस्तीची योजना, असलेल्या पट्ट्यांचा विचार अवश्य करावा, आणि त्या आपल्या मदरबोर्डाला व प्रोसेसरला चालतात काय हे खरेदीपूर्वी पाहावे.

आपल्या प्रदेशासाठी ह्यात एक विशेष कलम जोडावे लागते, ते उन्हाळ्याचे. कॅपॅसिटरची गळती उष्णतेने वाढते; चिप ८५ अंशांच्या वर गेली तर डीडीआर-४ मध्ये पुनर्भरणाची मुदत ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंद धरावी लागते. चंद्रपूर-नागपूरकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, आणि पंख्याखालच्या खोलीत ग्राफिक्स कार्डाच्या गरम श्वासाजवळ बसलेल्या पट्टीला त्याहून कितीतरी अधिक सोसावे लागते. म्हणून पौष महिन्यातल्या थंड रात्री घेतलेली परीक्षा वैशाखासाठी धरू नये. जे दुय्यम अंक पुनर्भरणाची पाळी लांबवून वेग वाढवितात, त्यांना हात लावणाऱ्याने तर आपली परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, सगळी कामे एकदम चालवून घ्यावी.

पुस्तिकेचा क्रम कामाच्या क्रमाप्रमाणेच ठेवला आहे: निवड, बसवणी, पहिली सुरुवात, प्रोफाइल, परीक्षा, आणि सर्वांत शेवटी, ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी, हाताने अंक बदलण्याचे प्रकरण. ते शेवटचे प्रकरण गाळले तरी यंत्र उत्तम चालेल. बदल फसून पडदा काळाच राहिला, तर बायोसची सेटिंगे जपणाऱ्या सीएमओएसच्या पिना जोडून किंवा सीआर-२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवून सारे पूर्वस्थितीवर कसे आणावे, ते पहिल्याच पानावर दिले आहे. ते पान आधी वाचून ठेवावे, कारण त्याची गरज पडते तेव्हा वाचण्यासाठी लागणारे मन स्वस्थ नसते.

वाचनालयाच्या त्या यंत्राच्या झाकणाला आतून एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर पट्ट्यांचे क्रमांक, स्लॉट, वेग २६६६, चार टायमिंग, दाब, बायोसची आवृत्ती, परीक्षेच्या चार फेऱ्या आणि तारीख, एवढे शाईने लिहिलेले आहे. पुस्तिकेच्या अखेरीस तसाच एक कोरा तक्ता छापला आहे, तो कापून घ्यावा.